एक प्रोसेसर मराठीला, एक कन्नडला

माझ्या मामाच्या छापखान्यात दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर मीच नेऊन बसवला. मला कुणी गळ घातली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. डिप्लोमा घेऊन नुकतीच बाहेर पडले होते, बेळगावात एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागून सहा महिने झाले होते, आणि त्या सहा महिन्यांत मला त्यातलं सगळं कळलंय असा माझा समज झाला होता. तो समज किती पक्का होता हे आठवलं की आजही मी एकटीच हसते.

छापखाना निपाणीत, बाजारपेठेच्या मागच्या बोळात. बोळाच्या तोंडाशी तंबाखूची वखार, त्यामुळे वर्षातले काही महिने शाई आणि तंबाखू असा मिळून एक वास तिथे असायचा. नवं गिऱ्हाईक आलं की आधी दोन शिंका द्यायचं आणि मग कामाचं बोलायचं. यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, वास्तुशांतीची कार्डं असं सगळं मामा छापायचा, पण खरं काम लग्नपत्रिकांचं. आणि आमच्याकडच्या लग्नपत्रिकेची गंमत अशी की नवरा निपाणीचा असला तर नवरी हमखास चिकोडी किंवा संकेश्वरकडची. म्हणजे अर्धी पत्रिका मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून दोन्हीकडची मंडळी मामासमोर बसून तास तास घालवायची. शेवटी मामानं पत्रिका मधोमध दुमडायची पद्धत काढली, म्हणजे दोन्ही भाषा शेजारी शेजारी आल्या. मग डावी कुणाची आणि उजवी कुणाची यावरून वाद सुरू झाला. मामा चहा सांगायचा आणि गप्प बसायचा.

हे सगळं टाईप करायची मामी. तिचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं, घरात कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. त्या काळी शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. मामीनं मामाशेजारी बसून खिळे जुळवता जुळवता मराठी शिकून घेतलं. "मी मराठी आधी उलटी शिकलो, मग सुलटी," असं ती सांगायची. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, आणि मामी दोन्ही भाषांतून त्याच्यावर बसली. तिचं टाईप करणं बघायला मला लहानपणापासून आवडायचं. ती कीबोर्डकडे बघायची नाही आणि पडद्याकडेही नाही. नजर गिऱ्हाईकाच्या कागदावर, तोंडानं त्याच गिऱ्हाईकाच्या घरची चौकशी, आणि बोटं आपली चाललेली. अक्षरं तिच्या बोटांबरोबर पडद्यावर उमटत जायची.

अडचण एकच होती. छापखान्यातला अक्षरजुळणीचा प्रोग्राम फार जुना होता, आणि मराठी व कन्नड दोन्ही फाँटांनी कॉम्प्युटरमधल्या त्याच त्या जागा अडवून ठेवलेल्या. कन्नड मजकूर चुकून मराठी फाँटात उघडला की नवरीच्या आजोबांच्या जागी चौकोन, टोप्या आणि भोपळे दिसायचे. म्हणून मामी दिवसभर एक भाषा बंद करायची, दुसरी उघडायची, परत पहिली. मामाला याचा भारी वैताग. "ही दोन्ही भांडत्यात गं आत," तो मला म्हणायचा. मी आपलं मोठ्या माणसासारखी मान हलवायची.

अशात आमच्या दुकानात एक सर्व्हर आला. उद्यमबागेतल्या कुठल्याशा कारखान्यानं नवा घेऊन जुना काढून टाकला होता, तो मालकांनी मोडीच्या भावात उचलला. मी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर. प्रत्येकात आठ कोअर, म्हणजे काम करणारी आठ डोकी. दोन्ही मिळून सोळा. त्यातही प्रत्येक डोकं दोन कामं हाताशी धरू शकतं म्हणून कॉम्प्युटर स्वतःची मोजणी करायचा ती बत्तीस. मामाच्या टेबलावरच्या साध्या डेस्कटॉपला होती दोन. दोन कुठे आणि बत्तीस कुठे. मला रात्री नीट झोप लागली नाही.

एका बाबतीत जुना डेस्कटॉप वरचढ होता, आणि ते मी वाचलंही होतं. त्याचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झच्या वर, आणि या सर्व्हरच्या प्रोसेसरचा जेमतेम दोन. म्हणजे एकेक डोकं सुट्टं घेतलं तर सर्व्हरचं डोकं संथ. पण दोनाला बत्तीसनं गुणलं की चौसष्ट होतात, असं माझं गणित होतं. अशा गणितावर मला डिप्लोमा कुणी दिला हे विचारू नका.

मालक जुने जाणते. त्यांनी मला सांगून बघितलं. "हे कुलूपबंद खोलीत रात्रंदिवस चालायला केलेलं आहे. शंभर माणसं एकदम मागायला आली तरी दमणार नाही, मेमरीत एखादं अक्षर चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करून घेईल. पण एका माणसाच्या टेबलावर ठेवायचं हे यंत्र नव्हे." मला वाटलं, यांना ते स्वतःसाठी ठेवून घ्यायचंय. मी हट्टाला पेटले. ते म्हणाले, ने बाई.

निपाणीच्या बसमध्ये खोकं मांडीवर मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर आला. "एनरी इदु?" हे काय आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्यानं सीटचं पूर्ण तिकीट फाडलं. पुढे संकेश्वरला गर्दी झाली आणि एक काका खोकं खाली ठेवा म्हणून माझ्याशी हुज्जत घालायला लागले, तर तोच कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि त्यांना म्हणाला, "तिकीट आहे त्याचं. त्याला उठवता येत नाही." काका निपाणीपर्यंत माझ्या सर्व्हरकडे रागानं बघत उभे राहिले.

छापखान्यात मामानं नारळ, हळदकुंकू, उदबत्ती सगळी तयारी करून ठेवली होती. शेजारचा शिंपी आणि पत्रिकेसाठी आलेली दोन गिऱ्हाइकं बघायला थांबली. मी बटण दाबलं. आतले पंखे असे काही घुमले की बोळापलीकडची बाई डबा घेऊन आली, गिरणी सुरू झाली का विचारायला. पडदा मात्र काळा तो काळाच. वायर काढली, लावली, फुंकर मारली. काळा. मग डोक्यात प्रकाश पडला: बेळगावात तो चालवून बघितला तेव्हा चित्राचं कार्ड दुकानातलं लावलं होतं, ते तिथंच राहिलं होतं. घरगुती प्रोसेसरमध्ये चित्र काढून पडद्यावर पाठवायची सोय बहुतेक वेळा आतच असते. सर्व्हरच्या प्रोसेसरला ती नसते, कारण कुलूपबंद खोलीत बघणार कोण? मामा हातात नारळ घेऊन माझ्याकडे बघत होता. मी तशीच उठले, कोल्हापूरची बस धरली आणि तिथून एक जुनं ग्राफिक्स कार्ड शोधून आणलं. नारळ दुसऱ्या दिवशी फुटला.

आणि तो फुटला तेव्हाच मामानं तो प्रश्न विचारला. झाकण अजून उघडं होतं. दोन्ही प्रोसेसरवरच्या पंख्यांकडे त्यानं बोट दाखवलं.

"ही दोन येगयेगळी हाईत व्हय?"

"व्हय मामा, दोन."

"मग झालं की. एक मराठीला लावायचा आनि एक कन्नडला. भांडान मिटलं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. दोन प्रोसेसर भाषा वाटून घेत नाहीत, त्यांना मराठी काय आणि कन्नड काय, सगळे आकडेच. भांडण फाँटांचं आहे, प्रोसेसरचं नाही. हे सगळं मला येत होतं. पण समोर शिंपी उभा, गिऱ्हाइकं उभी, आदल्या दिवशीच्या काळ्या पडद्यानं माझी आधीच शोभा झालेली, आणि मामाचा चेहरा असा खुललेला. मी म्हटलं, "तसंच समजा."

मामानं तसं समजून घेतलं आणि अख्ख्या निपाणीला समजावलं. दोन्ही पंख्यांना कुंकू लागलं. डब्यावर डावीकडे मराठी म आणि उजवीकडे कन्नड क अशा दोन चिठ्ठ्या त्यानं मामीकडून छापून चिकटवल्या. कन्नड मंडळी आली की सांगायचा, तुमचा उजव्या हाताला ठेवलाय, उजवा मानाचा. मराठी मंडळींना सांगायचा, वाचायला सुरुवात डावीकडून होते, म्हणून तुमचा पहिला. दोन्हीकडची माणसं समाधानानं जायची. फाँट अधूनमधून टोप्या-भोपळे दाखवायचेच, पण त्यावर मामाचं उत्तर तयार असायचं. "नवं हाय अजून. वळन लागंल."

सर्व्हर सुरू होताना आधी सगळी मेमरी तपासतो, पट्टीन् पट्टी. त्याला चार-पाच मिनिटं लागायची. तेवढा वेळ हातात आहे म्हणून मामाची सकाळची दोन मिनिटांची पूजा आरतीपर्यंत वाढली. मला हेही यंत्राचं यशच वाटलं. बेळगावला परतताना मी इतकी खुशीत होते की मालकांना सांगितलं, बघा, म्हणालात टेबलावर चालत नाही. चालतंय की.

पुढचे आठ महिने मी महिन्या-दीड महिन्यानं जायची, पंख्यांतली धूळ काढायची, जेवून यायची. मामी नेहमीसारखी वाढायची. मला काही दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल. तिला नवा चष्मा लागला होता. टाईप करताना ती आता पडद्याकडे बघायची. गिऱ्हाईकाशी बोलणं तिनं बंद केलं होतं. एका ओळीत दोनदा-तीनदा मागे जाऊन खोडायची. हे सगळं मला दिसलं होतं. पन्नाशी झाली की माणसाचं असं होत असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. यंत्राचा मला संशयसुद्धा आला नाही, कारण यंत्र मी निवडलेलं होतं.

मग एका रविवारी बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा डबा घेऊन गेले, तर मामा बाहेर पायरीवरच बसलेला. एरवी कुंदा दिसला की आधी डबा उघडणारा माणूस, त्यानं डब्याकडे बघितलंही नाही.

"मामी टाईप करायची सोडतो म्हनतीया," तो म्हणाला.

"का?"

"जमत न्हाय म्हनं. काल तिच्या माहेरचा चुलतभाव आलता, पोरीची पत्रिका घेऊन. दोन भाषेतली, पाचशे कार्डं. तिनं त्येला परत लावला. दुसरीकडं करून घे म्हनाली." मामानं बोळाकडे बघितलं. "तीस वर्सांत तिनं कुनाला परत लावलं न्हाय गं. आनि माहेरच्याला लावलं."

मामी टाईप करणार नसेल तर मजकूर मोबाईलवरून कोल्हापूरला पाठवून करून घ्यायचा, असं त्याचं चाललं होतं. ते त्याला नको होतं हे त्याच्या आवाजातच कळत होतं. छापखाना चालला तो मामीच्या बोटांवर, हे मामाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आत गेले. मामी कॉम्प्युटरसमोर बसली होती, हात मांडीवर. मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि विचारलं, काय झालं. तिनं उजवा हात पुढे करून मला दाखवला, जणू त्याच्यावर काही लिहिलं होतं.

"बोटं जड झाल्यात. मी दाबतो तवा अक्षर येत न्हाय, मागनं येतंय. आधी वाटलं चष्म्याचं हाय. चष्मा केला. डाक्टरकडं गेलो, त्यानं गोळ्या दिल्या. रोज तेल लावून चोळतो. सैपाकघरात कट्ट्यावर बोटं चालवून बघतो, तिथं बरी चालत्यात. हितं बसलं की मागं पडत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या आईचं असंच सुरू झालतं. उजव्या हातानंच. मग तिला घाससुदिक उचलंना."

मी म्हटलं, "मामी, जरा टाईप करून दाखव."

तिनं एक पत्रिका घेतली आणि सुरू केलं. मी पडद्याकडे न बघता तिच्या बोटांकडे बघितलं. बोटं तशीच होती. मी लहानपणी बघितलेली, तीच, तेवढीच चपळ. मग मी पडद्याकडे बघितलं. ओळ अर्ध्यावर होती. मामीनं हात उचलले, आणि हात उचलल्यावरही अक्षरं येतच राहिली, एकामागून एक, दमल्यासारखी. ती सगळी येईपर्यंत मामी वाट बघत बसली. आठ महिने ती रोज अशी वाट बघत बसली होती.

मी कॉम्प्युटरच्या कामाचा तक्ता उघडला. त्यात बत्तीस चौकोन असतात, कुठलं डोकं किती राबतंय ते त्यात दिसतं. मामीला परत टाईप करायला सांगितलं. एक चौकोन काठोकाठ भरला. उरलेले एकतीस रिकामे.

ते बघितल्यावर मला सगळं कळलं, आणि मालक काय सांगत होते तेही. सर्व्हर म्हणजे लग्नातल्या पंगतीला वाढायला उभी केलेली बत्तीस माणसं. पाचशे पानं बसली तर ती धडाधड वाढून मोकळी होतील, कुणी उपाशी उठणार नाही. पण इथे एकटी मामी जेवायला बसली होती. आणि तो जुना प्रोग्राम असा की त्याला एकाच वाढप्याला हाक मारता येत होती. एकतीस जण भिंतीला टेकून उभे, आणि जो एक वाढत होता त्याची चाल मुळात संथ. जुना डेस्कटॉप म्हणजे दोनच माणसं, पण हातातला घास संपायच्या आत पानात भाकरी टाकणारी. मामीला तेवढंच हवं होतं. कुठल्याही एका माणसाला, जो समोर बसून बोटांनी काम करतो, तेवढंच हवं असतं.

मला माझी फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो यंत्र गुपचूप बदलायचा. दुरुस्तीला नेते म्हणून सर्व्हर उचलायचा, दुसरं काहीतरी आणून ठेवायचं, कुणाला काही कळणार नाही. मामानं चहा आणला. तो कप संपेपर्यंत मी तोच विचार करत होते. मग मामीनं उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळायला सुरुवात केली, आणि मला ते बघवेना.

"मामी, तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. मशीन चुकलंय. मी चुकीचं मशीन आणलं."

तिनं माझ्याकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हनून सांगालीस."

"न्हाय गं. खरं सांगते."

"बत्तीस हाईत म्हनलीस की ह्येच्यात. त्येच्यात दोनच होती. मग ह्यो कसा मागं पडंल?"

माझंच गणित तिनं मला ऐकवलं. त्यावर तोंडानं काही सांगण्यात अर्थ नव्हता. मी मामाला म्हटलं, जुना काढा. जुना डेस्कटॉप माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेला होता. शेजारच्या शिंप्यानं येऊन शिडी धरली, मामा वर चढला आणि शिंकत शिंकत पोतं खाली घेऊन आला. मी धूळ झटकली, मेमरीची पट्टी काढून परत बसवली, वायरी जोडल्या. मामीला खुर्चीवर बसवलं. तिनं आधी पदरानं हात पुसले.

पहिली ओळ तिनं हळू, एकेक अक्षर दाबत लिहिली. मग जरा जोरात. तिसऱ्या ओळीला तिनं पडद्यावरची नजर काढली आणि कागदाकडे वळवली. पुढची ओळ तिनं मामाकडे बघत लिहिली, त्याच्या केसांत अडकलेली कोळिष्टकं बघत. अक्षरं तिच्या बोटांबरोबर येत होती. मराठी संपलं, तिनं ते बंद केलं, कन्नड उघडलं आणि तेही तसंच लिहिलं. मग हात थांबवले. अक्षरंही थांबली, तिथल्या तिथे.

मामीनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आठ म्हैने," मामी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आठ म्हैने मी म्हातारी झालतो तुझ्यामुळं. भांडी घासताना बोटं मोजायचो मी. भाकरी थापताना हात थरथरतोय का बघायचो. आनि बिघाड ह्या डबड्यात व्हता."

मला रडू आलं. मी चक्क रडले, तेवीस वर्षांची घोडी, शिंप्याच्या देखत. मामीनं मला रडू दिलं, तेही चांगलंच केलं.

मामा मात्र कसल्या तरी वेगळ्याच विचारात होता. सर्व्हरवरच्या चिठ्ठ्यांकडे बघत त्यानं विचारलं, "पर मग ह्यो मराठीचा आनि ह्यो कन्नडचा, त्येचं काय?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "तसं काही नसतंय, मामा. मी उगाच व्हय म्हटलं."

मामा मटकन स्टुलावर बसला. माझ्या आधीच्या चुकीचं त्याला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं याचं वाटलं. "अगं मी चिकोडीपातूर सांगिटलंय," तो म्हणाला. "तिथली लोकं बघून गेल्यात." शिंपी तोंडावर टेप धरून बाहेर निघून गेला, आणि त्याच्या हसण्याचा आवाज बोळातून आला. मग मामीला हसू आलं, तिच्या पाठोपाठ मला, डोळे ओले असतानाच. मामा तेवढा गंभीर राहिला. चिठ्ठ्या त्यानं काढू दिल्या नाहीत. यंत्र गेलं तरी त्या त्यानं जुन्या डेस्कटॉपवर लावल्या, म आणि क, आणि विचारलं कुणी तर सांगायचा, दोन डोकी याच्यातही आहेत. ते मात्र खरं होतं.

सर्व्हर मी परत बेळगावला आणला. आज तो माझ्या स्वतःच्या दुकानात मागच्या खोलीत आहे, दार लावून. वकील मंडळी जमिनीच्या जुन्या कागदांचे गठ्ठे स्कॅन करायला आणतात, चारशे-पाचशे पानं एका वेळी. ती सगळी पानं सरळ करायची, डाग काढायचे, लहान करून एका फाईलमध्ये बांधायची. हे काम त्याला दिलं की बत्तीसच्या बत्तीस चौकोन भरतात, आणि दुकानातल्या चांगल्या डेस्कटॉपला जिथे अख्खी दुपार लागते तिथे माझा चहा होईपर्यंत गठ्ठा तयार. यंत्र वाईट नव्हतंच. गिऱ्हाईक आलं आणि किती कोअरचा घेऊ असं विचारलं, तर मी आधी विचारते, यावर बसणार कोण, आणि काय करणार. लोकांना वाटतं, बाई फार चौकशा करते. करते.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. हसून झाल्यावर मामा कुंद्याचा डबा उघडून बसला, मी सर्व्हरच्या वायरी गुंडाळत होते, आणि मामीनं मोबाईल घेतला. संकेश्वरला, त्या चुलतभावाला लावला. ती कन्नडमध्ये बोलत होती, आणि कन्नड मला चांगलं कळतं.

"पत्रिका कुठं दिली नाहीस ना अजून?" तिनं विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "मग देऊ नको. उद्या घेऊन ये. मीच करणार." परत पलीकडचं बोलणं. त्यानं तब्येतीचं विचारलं असावं, कारण मामीनं उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं मिटली, उघडली. "नाही रे, मला काही झालेलं नाही. मी बरी आहे. मशीन बिघडलं होतं."

मी वायर गुंडाळायची थांबले. पलीकडून पुन्हा काही विचारणं झालं.

मामीनं माझ्याकडे बघितलं. "बेळगावची भाची आलीय ना," ती म्हणाली, "तिनं दुरुस्त केलं."